जेटचा ओमेन झालो, दोन वर्षं पाण्यात गेली का?

या आठवड्याचं पत्र:

"ताई, मी साताऱ्याचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं व्हॅलोरंट खेळतोय आणि दोन्ही वर्षं फक्त जेट. कॉलेजची पाच जणांची टीम आहे, पुढच्या महिन्यात इंटरकॉलेज स्पर्धा आहे. आता फर्स्ट इयरचा एक पोरगा आलाय, त्याची जेट माझ्यापेक्षा भारी आहे हे मलाही दिसतं. कॅप्टनने जेट त्याला दिली आणि मला म्हणाला तू ओमेन खेळ. आठवड्यात सात मॅच झाल्या, सहा हरलो. प्रत्येक राउंडला 'स्मोक कुठाय, स्मोक कुठाय' म्हणून ओरडा, एक जण तर सरळ बॉट (कॉम्प्युटर चालवतो तसला खेळाडू) म्हणतो. मला वाटतंय दोन वर्षं पाण्यात गेली आणि आता सगळं शून्यापासून. टीम सोडून दुसरीकडे जेट म्हणून जाऊ का?"

अरे, तुझं पत्र वाचलं आणि त्या 'पाण्यात गेली' वरच थांबले. सहा मॅच हरल्याचं दुःख दोन दिवसांत जातं रे, पण आपण दोन वर्षं जे शिकलो त्याचा आता काही उपयोग नाही असं एकदा डोक्यात बसलं की माउस हातात घ्यायचीही इच्छा होत नाही. म्हणून आधी त्याचंच बोलू, टीम सोडायची की नाही ते नंतर.

जे वाचक हा गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी चार ओळी. व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच, जो आधी १३ राउंड जिंकेल त्याची मॅच, १२ राउंड झाले की बाजू बदलते. हल्ला करणाऱ्यांनी स्पाइक नावाचा बॉम्ब लावायचा, समोरच्यांनी तो लावू द्यायचा नाही किंवा लावलाच तर निकामी करायचा. एजंट म्हणजे आपण खेळायला निवडतो ते पात्र, ते चार प्रकारचे असतात, ड्युएलिस्ट पुढे घुसतो, इनिशिएटर आत कोण लपलंय ते काढून देतो, सेंटिनेल आपली बाजू आणि पाठ सांभाळतो आणि कंट्रोलर स्मोक टाकून समोरच्यांची नजर बंद करतो. जेट ड्युएलिस्ट आहे आणि ओमेन कंट्रोलर.

आता मला सांग, जेट खेळताना एका राउंडमध्ये तू जे जे करतोस त्यातलं खास जेटचं असं किती असतं? डॅश (एका झटक्यात सरकणं), अपड्राफ्ट (वर उडणं), ते दोन छोटे स्मोक आणि अल्टचे, म्हणजे सगळ्यात मोठ्या शक्तीचे, चाकू, झालं. राउंड १ मिनिट ४० सेकंदांचा, त्यात डॅशला एक सेकंदही धड लागत नाही. मग बाकीचा सगळा वेळ तू काय करत होतास? शिफ्ट दाबून आवाज न करता चालत होतास, पलीकडच्या पावलांचा अंदाज घेत होतास, कोपरा वळायच्या आधीच क्रॉसहेअर (नेमाची खूण) डोक्याच्या उंचीवर धरत होतास, मिनिमॅपवर कोण मेलं कोण कुठे आहे बघत होतास, समोरच्यांकडे या राउंडला बंदुका येणार की नाही याचा हिशेब लावत होतास. यातलं एकही काम जेटने तुला दिलेलं नाही, ते तू दोन वर्षं रात्री जागून कमावलंयस आणि एजंट बदलला म्हणून ते कुठे जात नाही.

बंदुकीचंच बघ. वँडल या रायफलची डोक्यातली गोळी १६० घेते आणि हेवी शील्ड घातलेल्या माणसाची एकूण हेल्थ १५०, म्हणजे कितीही लांबून असो, डोक्यात एक गोळी लागली की माणूस खाली. ओमेनच्या हातातली वँडल ही तीच वँडल आहे, तिची गोळी ओमेनच्या हातात कमी लागत नाही. पळता पळता गोळी मारली की ती भलतीकडे जाते म्हणून आधी थांबायचं, मग मारायचं, हे तुझ्या बोटांना आता विचार न करता येतं, नवीन माणसाला याच गोष्टीला महिनोन्महिने लागतात. कोपऱ्यावरून एकदम सगळ्यांना दिसेल असं बाहेर न पडता एकेक कोन उघडत जायचं, हेही तसंच. तू लिहिलंयस 'शून्यापासून', पण ज्याने खरंच शून्यापासून सुरुवात केलीय त्याच्या शेजारी बसून एक डेथमॅच (नुसत्या नेमबाजीच्या सरावाची मॅच) बघ, त्याचा क्रॉसहेअर जमिनीकडे असतो आणि माणूस दिसला की तो वर ओढायला लागतो. तुझा तसा होतो का? नाही ना.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नसेल कारण तू दोनच वर्षं खेळतोयस. जेटचा डॅश पूर्वी असा नव्हता, बटण दाबलं की लगेच जायचा, त्यामुळे समोर उभं राहून गोळी मारायची आणि चुकली की डॅश करून पळायचं हे फार सोपं होतं. एप्रिल २०२२ च्या ४.०८ पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) ते बदललं, आता आधी एकदा दाबून डॅश तयार ठेवावा लागतो आणि ठरावीक वेळातच वापरावा लागतो. तेव्हा माझ्या ओळखीतले जे लोक डॅशच्या भरवशावर वाटेल तिथे पीक करायचे (आडोशातून बाहेर डोकवायचे) ते एका रात्रीत कमजोर पडले, आणि ज्यांचा कोन आणि वेळ आधीपासून बरोबर होती त्यांना दोन आठवड्यांत काही फरक जाणवेनासा झाला. जेटच असूनही. म्हणजे एजंट तोच ठेवलास तरी कंपनी तो बदलणारच आहे, हातात राहतं ते त्याच्या खालचं, कोन, वेळ आणि नेम.

मी हा प्रवास उलट्या दिशेने केलाय म्हणून एवढ्या खात्रीने बोलतेय. जून २०२० मध्ये गेम आला, लॉकडाऊन होता, आम्ही मित्रमैत्रिणी रोज रात्री खेळायचो आणि अनोळखी लोकांबरोबर खेळताना माईकवर मुलीचा आवाज आला की हमखास 'तू सेज घे' व्हायचं, सेज म्हणजे टीममेटना बरं करणारी एजंट. मुलगी आहे म्हणजे हीलच करणार असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असायचं आणि मला त्याचा प्रचंड राग यायचा, आजही येतो. पण दीड वर्ष सेज खेळले. मग आमच्या टीममधला ड्युएलिस्ट नोकरी लागून गेला आणि रेझ माझ्याकडे आली. पहिला आठवडा अगदी तुझ्यासारखा गेला, मी साइटच्या (स्पाइक लावायच्या जागेच्या) तोंडाशी येऊन थांबायचे, सेजची सवय, भिंत टाकायची आणि वाट बघायची, आणि मागे चार जण अडकलेले असायचे, सगळे एका ओळीत मरायचे. मीही तेव्हा म्हणत होते की दीड वर्ष वाया गेलं.

मग एक दिवस लक्षात आलं की मला एक गोष्ट माहीत आहे जी टीममधल्या बाकी कुणालाच नाही. बचाव करणाऱ्याच्या मनात काय चाललेलं असतं ते. मी सेज म्हणून साइटवर एकटी उभी असताना बाहेर पावलं वाजली की घाईघाईने स्लो ऑर्ब फेकायचे, भिंत लावायचे, आणि मग पुढचे काही सेकंद माझ्याकडे काहीच उरायचं नाही, हातात बंदूक आणि पोटात गोळा. तीच वेळ सगळ्यात वाईट असायची. तर मी रेझ घेऊन काय करायला लागले, तर मुद्दाम थोडा आवाज करायचा, एक नेड (ग्रेनेड) टाकायचा आणि थांबायचं, समोरच्याला त्याचं सगळं फेकू द्यायचं, आणि ते संपलं की आत. तीन-चार दिवसांत आमचे राउंड यायला लागले. हे मला कुठल्या गाइडने शिकवलं नाही, सेजने शिकवलं.

तुझ्याकडे असंच काहीतरी आहे, आणि या पत्राचं माझं खरं उत्तर हेच आहे. तू दोन वर्षं सगळ्यांच्या पुढे जाऊन मेलायस. कुठून मेलास ते तुला पाठ आहे.

एसेंट हा मॅप घे, ए मेन, हेवन, ट्री, जनरेटर ही त्यातल्या जागांची नावं. ए मेनमधून बाहेर पडलास की तुला कोण मारायचं? वर हेवनमध्ये ऑपरेटर (लांबून मारायची स्नायपर) घेऊन उभा असलेला एक, आणि ट्रीमधून बाजूने एक. जनरेटरमागचा राहिला तर त्याच्याशी तू समोरासमोर लढायचास, त्याची तक्रार नाही, पण त्याच्याशी लढताना वरून हेवनवाल्याने उडवलं की तू माईकवर किती कळवळून 'अरे हेवन बंद करा ना' म्हणायचास ते आठव. तेच ओमेनचं काम आहे. ओमेनचा स्मोक कुठे टाकायचा हे यूट्यूबवर शोधायच्या आधी स्वतःला विचार की मी कुठे मेलो होतो, दहातली आठ उत्तरं तिथेच मिळतील. कबड्डीत चढाई करणाऱ्या पोराला एखाद्या दिवशी कोपऱ्यात उभं केलं तर सुरुवातीला त्याला अवघडल्यासारखं होतं खरं, पण रेडरचा मागचा पाय नेमका कधी हलका होतो हे त्याच्या इतकं कुणाला कळणार, त्याचा स्वतःचा घोटा कितीदा धरला गेलाय.

आणि नुसती जागा नाही, स्मोकचं बारीक कामही तुलाच जास्त कळेल. स्मोक भिंतीला नीट चिकटला नाही तर कडेला बोटभर फट राहते, आणि त्या फटीतला माणूस आपल्याला दिसायच्या आधी आपण त्याला दिसतो. नवीन कंट्रोलरला ही फट दिसतच नाही, कारण तो मागे उभा असतो, मरतो पुढचा. तू पुढचा होतास. तसंच स्मोक फार पुढे पडला की समोरचा त्याच्या आत येऊन उभा राहतो आणि आपण जवळ गेलो की अचानक बाहेर निघतो, हा प्रकार तुझ्यासोबत कितीदा झालाय ते तुलाच माहीत.

मग वेळ. ओमेनचा स्मोक १५ सेकंद राहतो. तुझ्या टीमचा 'स्मोक कुठाय' हा ओरडा मला वाटतं दोन कारणांनी होत असणार, एकतर तू उशिरा टाकतोयस, किंवा ओरडा ऐकून घाबरून लवकर टाकतोयस आणि चार जण अजून मेनमध्ये येतायत तोवर निम्मा स्मोक संपतोय, मग आत शिरताना तो विरतो आणि परत ओरडा. ओमेनचा स्मोक हवेतून जागेवर जायला वेळ घेतो हेही धरायचं. आता इथे बघ, मेनच्या टोकापासून जनरेटरपर्यंत जेटला किती वेळ लागतो हे तुझ्याइतकं टीममध्ये कुणाला माहीत आहे? तू हजार वेळा तो रस्ता पळालायस. म्हणून कॅप्टनने 'स्मोक टाक' म्हणायची वाट बघूच नकोस, तूच सांग. "हेवन आणि ट्री टाकतोय, पडले की निघा, पंधरा सेकंद आहेत." एवढं एक वाक्य. जेट असताना तू ऐकायचास आणि घुसायचास, आता राउंडची सुरुवात तुझ्या तोंडून होणार आहे, आणि ते वाक्य खणखणीत आलं की निम्मा ओरडा आपोआप बंद होतो कारण लोकांना कळतं की कुणीतरी घड्याळ बघतंय.

स्पाइक लावल्यानंतरचं तर तू जेट म्हणून कदाचित कधी नीट बघितलंच नसशील, कारण बऱ्याचदा तोपर्यंत तू मेलेला असायचास (हे टोचून बोलत नाहीये, एंट्रीचं कामच तसं आहे). स्पाइक फुटायला ४५ सेकंद, निकामी करायला ७ सेकंद, आणि साडेतीन सेकंदांना अर्धं झालं की तेवढं टिकून राहतं. म्हणजे समोरच्यांना ३८ व्या सेकंदाच्या आत बसावंच लागतं, अर्धं आधी झालं असेल तर अजून थोडा वेळ. या हिशेबात स्मोक आणि पॅरानोया (ओमेनची समोरच्याची नजर धूसर करणारी शक्ती) वाचवून ठेवायचं. पॅरानोया भिंतीतून जातो, त्यामुळे डिफ्यूजचा आवाज आला की तू भिंतीमागूनच टाकू शकतोस, आणि तो आवाज खरा आहे की नुसता चकवा द्यायला एकदा दाबून सोडलाय हे ओळखायचं कान तुझ्याकडे आधीपासून आहेत. मरून पडल्यावर तू दोन वर्षं टीममेटचे क्लच (एकट्याने राउंड वाचवणं) बघितलेयस ना, तेही शिकणंच होतं.

पैशांचंही तसंच, राउंडच्या आधी गेममधल्या पैशांतून सामान घ्यावं लागतं. फुल बायला (सगळं पूर्ण घ्यायला) बंदूक २९०० आणि हेवी शील्ड १०००, म्हणजे ३९००, त्यावर युटीचे (स्मोकसारख्या शक्तींचे) वेगळे. राउंड हरलो की १९००, सलग दुसऱ्यांदा २४००, मग २९००, जिंकलो की ३०००. हे गणित तुला येतंच. फक्त एवढं बदल कर की जेट असताना पैसे कमी पडले तर तू युटी सोडून बंदूक घ्यायचास, आता कधीकधी बंदूक हलकी घे पण स्मोक पूर्ण घे. आणि फँटम ही दुसरी रायफल वापरून बघ, तिच्या गोळीची रेघ समोरच्याला दिसत नाही, त्यामुळे स्वतःच्या स्मोकमधून स्प्रे मारला तर तू नेमका कुठून मारतोयस ते त्याला चटकन कळत नाही.

आता जे सोबत येत नाही तेही सांगते, नाहीतर मी तुला नुसतं बरं वाटावं म्हणून लिहितेय असं होईल. पहिला बाहेर पडायचा मोह. जेट पहिल्यांदा मेली आणि मागच्याने ट्रेड घेतला (मारणाऱ्याला लगेच मारलं) तर हिशेब सरळ झाला, चार विरुद्ध चार. ओमेन पहिल्या दहा सेकंदांत मेला तर टीमला पुढचे स्मोकच नाहीत, दुसऱ्या साइटवर फिरायचं म्हटलं तरी नागडं फिरावं लागतं. त्या सात मॅचमध्ये किती राउंडला तू पहिला मेलास ते मोज, माझा अंदाज आहे की बरेच असतील. एकदा गोळी चुकली की परत त्याच कोनातून पीक करायची सवयही सोड, जेटला परत यायला डॅश होता, तुला नाही. श्राउडेड स्टेपला (ओमेनची एका जागेवरून दुसरीकडे जायची शक्ती) वेळ लागतो आणि त्याचा आवाजही येतो, त्याला डॅश समजून वापरलास तर मरशील. आणि थांबायला शिकावं लागेल, हे खरंच नवीन आहे आणि याला वेळ लागेल, दोन आठवडे तरी धर. हात शिवशिवतील. माझे उलटे थरथरायचे, मला पुढे जायची भीती वाटायची, तुला मागे राहायची वाटेल.

स्कोअरबोर्डचंही एक दुखणं असतं, ते तू लिहिलं नाहीस पण मला ओळींमध्ये दिसलं. जेट म्हणून तू २० किल करायचास आणि हरलास तरी बोर्डावर वर असायचास. आता तू हेवन इतकं नीट बंद केलंस की तिथल्या ऑपरेटरला गोळीच मारता आली नाही, तर त्याची नोंद कुठेच होत नाही, न झालेल्या मरणाचा आकडा कुठे लिहिलेला नसतो. म्हणून निदान महिनाभर स्वतःचा वेगळा हिशेब ठेव. वहीत लिही, साधं लिही, या मॅचमध्ये आपली जेट आत शिरताना किती वेळा स्मोक नसलेल्या कोनातून मेली. तो आकडा कमी होत गेला की तू चांगला ओमेन होतोयस.

हे फक्त माझ्या-तुझ्या लेव्हलला होतं असंही नाही. टेन्झ हा व्हॅलोरंटचा नावाजलेला खेळाडू तुला माहीत असेलच, तुझ्यासारखे अर्धे जेट मेन त्याच्यामुळेच झालेत. २०२१ मध्ये रेक्याविकच्या मास्टर्स या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या सेंटिनल्स या टीमने कप उचलला तेव्हा तो जगातला सगळ्यात गाजलेला ड्युएलिस्ट होता. २०२४ ला माद्रिदच्या मास्टर्समध्ये सेंटिनल्स परत जिंकले, तेव्हा पुढे घुसायचं काम झेकेन करत होता आणि टेन्झ बऱ्याचदा मागे ओमेनवर होता. त्याच्यापेक्षा लहान पोरगा आला, त्याने जागा दिली, आणि टीमला कप मिळाला. त्याचा नेम ओमेनवर गेल्यावर बोथट झाला नव्हता, उलट स्मोकमागून अचानक असा नेमबाज निघतो हे समोरच्यांना जड गेलं. आणि तो मुळात काउंटर स्ट्राइकमधून आलेला माणूस, म्हणजे रोल सोड, गेमच बदलून आलेला. व्हॅलोरंटच्या सुरुवातीच्या मोठ्या खेळाडूंमधले कितीतरी तसेच आले होते, थांबून मारणं, पैसे वाचवायच्या इको राउंडचा हिशेब, ट्रेड घेणं, सगळं तिकडून घेऊन. इथे आल्यावर त्यांनी फक्त एजंटच्या शक्ती नव्याने शिकल्या.

आता करायचं काय ते. सेन्सिटिव्हिटीला हात लावू नकोस, क्रॉसहेअरही बदलू नकोस, हरायला लागलं की पोरं पहिलं तेच बदलतात आणि जे नीट चाललेलं असतं तेही घालवतात. डेथमॅच जशी रोज खेळायचास तशीच खेळ. सगळे मॅप एकदम घेऊ नकोस, स्पर्धेत तुमची टीम जे दोन मॅप निवडायचा प्रयत्न करेल तेवढेच घे. प्रत्येक मॅपवर हल्ल्याचे चार आणि बचावाचे चार स्मोक कस्टममध्ये (आपल्यापुरत्या लावलेल्या सरावाच्या मॅचमध्ये) बसून बसव. मग रँक्डला (क्रमवारी ठरवणाऱ्या मॅचना) न जाता आधी दोन-तीन दिवस स्विफ्टप्ले खेळ, त्यात जो आधी ५ राउंड जिंकेल त्याची मॅच, कुणी ओरडलं तरी लवकर संपतं. आणि तुझ्या हरलेल्या सहा मॅचपैकी एकाचा रिप्ले काढून बघ, पण स्वतःला बघू नकोस, तुमच्या नवीन जेटच्या नजरेतून बघ. तिथे तुला तुझे स्मोक कसे दिसतात ते कळेल.

राहिला टीमचा प्रश्न. सोडू नकोस, निदान स्पर्धा होईपर्यंत तरी. दुसऱ्या टीममध्ये जेट म्हणून गेलास तर तिथेही कधीतरी तुझ्यापेक्षा चांगला जेट येणारच, आणि तेव्हा तू परत याच जागी उभा असशील, फक्त दोन वर्षं अजून मोठा. स्पर्धेनंतरही ओमेन आवडला नाही, थांबणं जिवावर येतंय, मजाच येत नाही असं वाटलं तर खुशाल सोड, गेम आहे, आनंदासाठीच खेळतो आपण, त्यात कमीपणा काही नाही. पण सात मॅचवर ठरवू नकोस.

आणि त्या बॉट म्हणणाऱ्याचं कॅप्टनशी बोल. मॅच चालू असताना नाही आणि ग्रुपवर तर अजिबात नाही, चहाला बस आणि सांग की मी रोल बदललाय तो टीमसाठी, मला तीन आठवडे हवेत आणि मॅचमध्ये मला फक्त माहिती द्या, शिव्या नकोत. कॅप्टनने तुला ओमेन दिला याचा अर्थ तुला बाजूला टाकलं असा तू घेतलायस, मला तसं वाटत नाही. टाकायचंच असतं तर बेंचवर बसवलं असतं. राउंडचं घड्याळ त्याने तुझ्या हातात दिलंय, ते कुणी नावडत्या माणसाला देत नाही.

त्या फर्स्ट इयरच्या पोराशी तू आत्तापर्यंत नीट बोलला नसशील असं मला वाटतंय, पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे आणि ती कडू आहे. साहजिक आहे. पण टीममध्ये त्याला नेमकं काय हवं असतं हे शब्द न सांगता कळणारा एकटा तूच आहेस, आणि त्याला ते अजून माहीत नाही. आज रात्री दोघांनीच कस्टम लावा, एसेंट, हल्ल्याची बाजू. त्याला ए मेनमधून दहा वेळा पळू दे, तू दहा वेळा स्मोक टाक, आणि प्रत्येक वेळी त्याला जनरेटरपाशी थांबवून विचार, हेवनकडून फट दिसतेय का, स्मोक अजून थोडा मागे हवाय का. झालं की कळव मला काय म्हणाला ते.